काच फुटताना ऐकणारे यंत्र



घरची सारी मंडळी शेतावर गेली आहेत. अशा वेळी मागच्या खिडकीचे तावदान कोणी फोडले, तर ते ऐकायचे कोणी? हे काम करणारे एक लहानसे यंत्र, शिक्षक जवळ असतील तर, नववी-दहावीच्या मुलांनाही जुळवता येते. त्याने भोंगा वाजवला की शेजारी सावध होतील.

पण शेजारी धावून केव्हा येतील? भोंग्यावर त्यांचा विश्वास असेल तेव्हा. मोठा आवाज झाला की वाजायचे, एवढेच ज्याला ठाऊक, ते यंत्र ताट पडले तरी ओरडेल, दार आपटले तरी ओरडेल. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपणां सर्वांना पाठ आहे. आठ दिवसांत शेजारी कानाडोळा करू लागतील. तेव्हा खरा प्रश्न आवाज ऐकण्याचा नाही, तो ओळखण्याचा आहे.

काच फुटते तेव्हा काय होते पाहा. दगड लागताच तावदान क्षणभर आत वाकते आणि 'धप्प' असा खर्जातला आवाज होतो. त्याच्या मागोमाग तडे जातात, तुकडे उडतात आणि 'खळ्ळ' असा तीव्र आवाज होतो. धप्पमधले कंप सेकंदाला शंभर-दोनशेच्या घरातले, तर खळ्ळमधले कित्येक हजार. दार आपटले तर नुसते धप्प. कुकरची शिटी नुसती तीव्र. आधी धप्प आणि लगेच खळ्ळ, ही जोडी काचेची खूण समजावी.

म्हणून यंत्राला मायक्रोफोन एकच द्यायचा, पण कान दोन. मायक्रोफोन इलेक्ट्रेट जातीचा घ्यावा. जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तो तयार केला. त्याचा संदेश दुबळा असतो, म्हणून एलएम ३५८ ही चिप वापरून तो शंभरपट वाढवायचा. पुढे दोन वाटा करायच्या. पहिल्या वाटेवर १० किलोओहमचा रेझिस्टर व ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी गाळणी बसवली, की सुमारे १६० कंपांच्या वरचे आवाज क्षीण होतात. दुसऱ्या वाटेवर तोच रेझिस्टर, पण कपॅसिटर ४.७ नॅनोफॅरडचा, आणि दोघांच्या जागा उलट. तिथे ३४०० कंपांच्या खालचे आवाज मागे पडतात. एलएम ३९३ ही चिप दोन्हीकडचा आवाज ठरलेल्या पातळीशी ताडून पाहते.

धप्प आले की एक ५५५ टायमर अर्धा सेकंद जणू फाटक उघडतो. त्याला ४७ किलोओहम व १० मायक्रोफॅरड लागतात. तेवढ्यात खळ्ळ आले तरच नँड गेट दुसऱ्या ५५५ला इशारा देते. १०० किलोओहम व १०० मायक्रोफॅरड लावले, तर तो अकरा सेकंद भोंगा वाजवतो.

परीक्षेसाठी काच फोडू नका. मुठीला जाड टॉवेल गुंडाळून तावदानावर हलकेच ठोका आणि दुसऱ्या हाताने लगेच किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवा. भोंगा वाजला पाहिजे. नुसत्या किल्ल्यांनी किंवा नुसत्या ठोक्याने तो वाजता कामा नये. वाजला, तर पातळी थोडी वर चढवा. मायक्रोफोन त्याच खोलीत, खिडकीकडे तोंड करून आणि पडद्याच्या अलीकडे नको, पलीकडे ठेवा; जाड पडदा तीव्र आवाज पिऊन टाकतो.

शिक्षकबंधूंना एक विनंती. जोडणी बॅटरीवरच करून घ्या. घरच्या विजेच्या तारांशी मुलांचा संबंध नको.

आणि एक लक्षात ठेवा, न फोडता उघडलेली खिडकी या यंत्राला ऐकू येत नाही. म्हणून आधी कडी लावा, मग यंत्र.