उत्तर कसं काढलंस?

आज शिक्षणशास्त्राची पदवी घेणाऱ्या माझ्या मुला-मुलींनो,

तुमच्यापैकी पुष्कळ जण उद्या सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, हिंगोली या तालुक्यांतल्या शाळांत उभे राहतील. पहिल्याच आठवड्यात एखादं लेकरू तुम्हाला चुकीचं उत्तर देईल. त्या उत्तराचं तुम्ही काय करणार, एवढ्याबद्दलच मला आज बोलायचं आहे.

1920 च्या सुमारास ज्याँ पियाजे नावाचा एक स्विस तरुण पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्यांवर काम करत होता. बरोबर उत्तरं मोजायची, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित होतं. त्याचं लक्ष मात्र चुकलेल्या उत्तरांवर खिळलं. एका वयाची मुलं साधारण एकाच रीतीने चुकत होती आणि मोठ्या मुलांत ती चूक दिसत नव्हती. म्हणजे लहान मूल कमी विचार करतं असं नाही, ते निराळा विचार करतं. पुढे 1980 मध्ये निधन होईपर्यंत त्याने याच गोष्टीचा पाठपुरावा केला. स्वतःच्या तीन मुलांजवळ बसून टिपणं काढली. त्यातून निघालेले बौद्धिक विकासाचे चार टप्पे तुम्ही परीक्षेसाठी पाठ केले आहेत. ते लक्षात ठेवा, पण वर्गात येणारं लेकरू टप्प्याचा बिल्ला लावून येत नाही. गणितात पुढे असलेला मुलगा भांडणात तीन वर्षांच्या पोरासारखा हट्टाला पेटू शकतो.

आपल्या घरात ‘बुवा... कूक!’ खेळताना बाळ खळखळून हसतं. पियाजेचं म्हणणं होतं की आठ-एक महिन्यांच्या आत नजरेआड झालेली वस्तू बाळाच्या लेखी उरतच नाही, कारण पांघरुणाखाली खेळणं दडवलं तर ते शोधायला हात पुढे करत नाही. 1980 च्या दशकात रने बायर्जाँ या संशोधिकेने बाळाच्या हाताऐवजी नजर पाहिली. जे घडणं शक्यच नाही असं काही समोर घडताना दिसलं, तर चार-पाच महिन्यांची बाळंही त्याकडे जास्त वेळ टक लावून बघत होती. प्रश्न हाताला विचारला तर बाळ नापास, डोळ्यांना विचारला तर पास. शिक्षकांनी हे विसरू नये. मुलाला येत नाही असं ठरवण्याआधी आपण विचारलं कसं, हे तपासायला हवं.

सेनगावकडच्या एका तांड्यावर मी अंगणवाडीत बसले होते. चार वर्षांची एक मुलगी आजीच्या साध्या, बटणांच्या फोनवर बापाशी बोलत होती. आई-बाप ऊसतोडीला गेलेले. बापाने तिकडून विचारलं, जेवलीस का? तिने मान हलवली. त्याने परत विचारलं, तिने परत मान हलवली. मग फ्रॉक जरा वर करून तिने खरचटलेला गुडघा फोनसमोर धरला आणि फुंकर घातली जाईल म्हणून वाट बघत राहिली. जे मला दिसतं ते माझ्या बाबालाही दिसणारच, असा तिचा हिशोब होता. त्या वयात दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं अजून नीट जमत नसतं. अशा मुलीला आपण ‘स्वार्थी’ किंवा ‘मंद’ म्हणालो, तर चूक आपली.

आपण संत नामदेवांच्या नर्सीच्या जिल्ह्यात राहतो. बाल नामदेवाने विठ्ठलापुढे नैवेद्य ठेवला आणि देव जेवत नाही म्हणून हट्ट धरला, ही कथा इथल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. वारकऱ्यांसाठी ती भक्तीची कथा आहे आणि तशीच राहो. मला तिच्यात एक खरंखुरं लेकरूही दिसतं. मोठ्यांनी सांगितलं की देवाला जेवू घाल, त्याने तो शब्द जसाच्या तसा धरला. चांदोमामा आपल्या एसटीबरोबर धावतो आहे असं सांगणारं पोर याच वयाचं असतं. त्याला हसू नका. ‘मग आपण थांबलो की तो काय करतो रे?’ असं विचारा आणि ऐका.

आता वर्गातली एक सवय सांगते. पियाजेचा पाण्याचा प्रयोग तुम्हाला माहीत आहे: सारख्या दोन पेल्यांपैकी एकातलं पाणी उंच, निमुळत्या भांड्यात ओतायचं आणि कशात जास्त आहे ते विचारायचं. पाच वर्षांचं मूल उंच भांडं दाखवतं. पण पियाजे ओतण्याआधी आणि ओतल्यानंतर, असा दोनदा तोच प्रश्न विचारायचा. 1974 मध्ये रोझ आणि ब्लँक या दोघींनी अशाच धर्तीच्या प्रयोगात प्रश्न एकदाच विचारून पाहिला आणि बरोबर उत्तरं देणारी मुलं वाढली. मोठं माणूस तेच परत विचारतंय, म्हणजे पहिलं उत्तर चुकलं असणार, असा मुलांचा समज होत असावा. आपल्या शाळांत ‘नक्की का?’ म्हटलं की मुलं बरोबर आलेलं उत्तर पटकन बदलतात, ते बहुधा यामुळेच. बाईंचा चेहरा वाचणं ही त्यांची पहिली विद्या होऊन बसते. म्हणून उत्तर चूक असो की बरोबर, दोन्ही वेळा एकाच सुरात विचारा: कसं काढलंस?

हा प्रश्न किती काम करतो ते वसमत तालुक्यातल्या एका पाचवीच्या वर्गात मी पाहिलं. हळद शिजवण्याचे दिवस होते, निम्मा वर्ग शेतात. फळ्यावर एक छेद तीन आणि एक छेद चार लिहून मोठं कोणतं ते विचारलं. एक मुलगी म्हणाली, एक छेद चार. कसं काढलंस? ‘चार मोठे हायेत ना.’ मी म्हटलं, एक भाकर तिघींत वाटली आणि एक चौघींत, तर कुठं बसशील? ‘तिघींत.’ लगेच. मग ती फळ्याकडे बघत राहिली, आणि म्हणाली, ‘मग बाई, तो चार किती जणी ते सांगतोय का?’ त्या मुलीला अपूर्णांक येत होता. फळ्यावरची खूण आणि घरची वाटणी एकच आहे, हे तोवर कोणी जोडून दिलं नव्हतं. एकेकाळी पावकी-निमकी पाठ असलेल्या आज्ज्या ज्या घरांत होत्या, त्या घरची ही लेकरं आहेत. 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं: कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशोब तोंडी चोख करतात आणि शाळेतल्या मांडणीच्या गणिताला अडतात. शाळेत हुशार असलेल्यांचं बाजारात उलट होतं.

सत्तावीस लिहायला सांगितलं आणि मुलाने 72 लिहिलं, तर त्याने कानावर विश्वास ठेवला आहे. आधी ऐकू आला सात, त्याने आधी लिहिला सात. 2019 मध्ये गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी जोडीची वाट सुचवली, तेव्हा केवढं वादळ उठलं. मला ती वाट पटली होती, आजही पटते. भाषेच्या अभिमानाची चर्चा खूप झाली, सात वर्षांच्या पोराच्या डोक्यातली अडचण मागे पडली.

आणि गणित सोडवताना जी मुलं पुटपुटतात, त्यांना ‘तोंड बंद’ म्हणू नका. अवघ्या सदतिसाव्या वर्षी, 1934 मध्ये गेलेल्या मानसशास्त्रज्ञ व्हिगोट्स्कीने दाखवलं की हे स्वतःशी बोलणं म्हणजे विचारच असतो, पुढे तो मनात उतरतो. तांड्यावरचं बंजारा मूल गोरबोलीत पुटपुटत असेल, तर त्याला त्याच भाषेत पुटपुटू द्या.

वयाच्या अकरा-बारा वर्षांनंतर मुलं न दिसणाऱ्या गोष्टींवर विचार करू लागतात. आपल्या औंढा तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्राने त्यासाठी सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीतला मोजायचा फरक प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याहून लहान. नववीतल्या एका मुलीने मला विचारलं, ‘बाई, एवढं बारीक मोजतात, तर रस्त्यावरून ट्रक गेला असेल हे कशावरून नाही?’ याहून चांगला प्रश्न शास्त्रज्ञही विचारणार नाही. उत्तर असं, की अमेरिकेतले दोन लायगो एकमेकांपासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर आहेत. एक ट्रक दोन्हीकडे धक्का देऊ शकत नाही. पण तिने शंका काढली कशी, ते बघा. दुसरं कारण काय असू शकेल, हे तिने मनातल्या मनात उभं केलं.

याच वयात मित्र बघत असले की मुलं नको ते धाडस करतात. 2005 च्या गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या प्रयोगात ते स्पष्ट दिसलं. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पिकायला विशी उलटावी लागते. आणि आपल्याकडे नेमकं याच वयात, मुलगी ‘असं झालं तर?’ म्हणू लागते तेव्हा, तिच्या सोयरिकीची बोलणी सुरू होतात. हे मला सहन होत नाही. 2006 चा बालविवाह प्रतिबंध कायदा तुमच्या बाजूने आहे. नववीतली मुलगी चार दिवस शाळेत आली नाही, तर पाचव्या दिवशी तिच्या घरी जा.

शाळेनं मुलांपर्यंत जाणं आपल्याकडे जुनंच आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला काम नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. आपल्याकडची लेकरं दिवाळीच्या आगेमागे उसाच्या फडावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्यासोबत शिक्षण हमी कार्ड जातं. त्यावरून मूल कोणत्या इयत्तेत आहे ते कळतं. तुम्ही त्याला एक साधा कागद जोडा: हिला भाकरीवरून अपूर्णांक कळतो, हा सत्तावीस उलटा लिहितो पण मोजतो बरोबर, हिच्याशी गोरबोलीत बोला. फडाजवळच्या शाळेतल्या त्या अनोळखी शिक्षकाला मग पहिल्या दिवशी कुठून सुरुवात करायची ते कळेल.