ठसा, कातर आणि रिकामे घर



दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरते, तेव्हा जालना जिल्ह्यातील अनेक गावांत हजेरी घेताना शिक्षकाचा आवाज काही नावांपाशी थांबतो. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडून गेलेली असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ गणला जातो, आणि त्या कोयत्याबरोबर घरातील लहान मुलेही कारखान्याच्या परिसरातील कोपीत जाऊन राहतात. गाळपाचा हंगाम सरून ती परत येतात, तोवर उन्हाळा लागलेला असतो आणि वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. मूल अभ्यासात मागे पडते हे तर खरेच; परंतु त्याहून मोठी हानी अशी की, ही शाळा आता आपली उरली नाही, ही भावना त्याच्या मनात घर करू लागते.

प्रस्तुत भाषणाचा विषय हस्तव्यवसायाचा आहे : ठसे व कातरकाम यांच्या साहाय्याने भेटपत्र तयार करणे. वरवर पाहता हे करमणुकीचे काम वाटेल. तथापि ते कोणासाठी करावयाचे हे एकदा निश्चित झाले, म्हणजे त्याच कामास अर्थ प्राप्त होतो. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या उद्योगातून शिक्षण देण्याचा विचार देशापुढे मांडला. हात, बुद्धी आणि हृदय यांची एकत्र वाढ व्हावी, हे त्या विचाराचे मर्म होते. गावी न उरलेल्या सोबत्यासाठी वर्गाने केलेले भेटपत्र हे त्या विचाराचे एक लहानसे, पण सर्वांना साधण्याजोगे उदाहरण आहे.

भेटपत्राच्या जन्माची कथा बोधप्रद आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना नाताळात आलेल्या पत्रांची उत्तरे देण्यास वेळ पुरेना. त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले व त्याच्या सुमारे १,००० प्रती छापविल्या. म्हणजे छापील भेटपत्र जन्मास आले ते पत्रलेखनाचे श्रम वाचविण्यासाठी. शाळेतील भेटपत्राचा हेतू याच्या नेमका उलट असावा. येथे श्रम वाचवावयाचे नाहीत. श्रम हीच भेट होय.

ठसा मात्र आपल्याकडे पत्राचा फार जुना सोबती आहे. मराठी राजपत्रांवर शिक्का उठत असे आणि मजकूर संपला तेथे मोर्तब केले जाई, म्हणजे पुढे कोणास काही घुसडता येऊ नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द त्यातूनच आपल्या भाषेत रूढ झाला. कागदाचीही परंपरा दूरची नाही. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादेस आणली, त्या काळी आलेल्या कारागिरांनी तेथे हातकागदाचा उद्योग सुरू केला, असे सांगतात. पत्र, शिक्का आणि कागद ही तिन्ही मराठवाड्याच्या मातीस परकी नाहीत, हे मुलांना आरंभीच सांगावे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सामग्री अल्प आहे : चित्रकलेचा जाड कागद, गोल टोकाच्या कातऱ्या, डिंक, भेंडी, बटाटा, सायकलची जुनी ट्यूब, लाकडाचे लहान ठोकळे आणि रंग. चित्रकलेच्या एका मोठ्या कागदाच्या तीन वेळा निम्म्याने घड्या घातल्या की ८ सारखे भाग होतात. प्रत्येक भाग मध्यावर दुमडला की एक भेटपत्र. दुमडण्यापूर्वी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनाने रेघ दाबून घ्यावी. त्यामुळे जाड कागदाची घडी सरळ पडते व कड फाटत नाही.

पहिला पाठ भेंडीचा. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल हाती येते. कोरण्याचे काम निसर्गाने करून ठेवलेले असते. अर्धी कापलेली मोसंबी, कांदा, पिंपळाच्या पानाची शिरांची बाजू यांचेही ठसे उमटतात. मात्र कापलेला भाग फडक्याने टिपून कोरडा केला पाहिजे, नाहीतर रंग पसरतो. बटाटा एकाच सपाट घावाने कापावा. पृष्ठ उंचसखल झाले तर ठसा अर्धवट उठतो. सुरीचे काम शिक्षकाने स्वतःकडे ठेवावे.

भाजीचा ठसा दिवसभरात सुकतो. टिकाऊ ठसा हवा असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा कातरीने हव्या त्या आकारात कापून लाकडी ठोकळ्यावर चिकटवावा. यास सुरी लागत नाही, खर्च जवळजवळ नाही, आणि असा ठसा पुष्कळ दिवस चालतो. प्रत्येक मुलाने आपली स्वतःची एक खूण ठरवावी : बैलाचे शिंग, चांदणी, कापसाचे बोंड, घागर, पतंग. ती खूण म्हणजे त्याची मुद्रा.

अक्षराचा ठसा करताना मुलांस एक कोडे पडते. ‘स’ जसा दिसतो तसाच कापून लावला, तर कागदावर तो उलटा उमटतो. येथे शिक्षकाने लगेच उत्तर सांगू नये. मुलांस आरसा द्यावा व शोधू द्यावे. ‘ठ’ हे अक्षर मात्र उलटले तरी जवळजवळ तसेच राहते. ते का, याचा शोध घेताना सममितीचा पाठ आपोआप होऊन जातो.

रंगासाठी उथळ झाकणात जुन्या सुती कापडाची चौपदरी घडी ठेवून ती रंगाने भिजवावी. हीच शाईची गादी. गेरू व नीळ डिंकाच्या पाण्यात कालवून वापरता येतात. हळदीचा रंग सुंदर येतो, परंतु उन्हात उडतो. हळदीत किंचित चुना मिसळला की तो लाल होतो. हा पालट मुलांस विज्ञानाच्या तासाला दाखवावा, मात्र चुना त्यांच्या हाती देऊ नये. ठसा गादीवर हलकेच टेकवावा, कागदावर सरळ दाबावा आणि सरळच उचलावा. घासला की बिघडला.

दुसरे अंग कातरकामाचे. लग्नपत्रिका किंवा औषधांची खोकी ज्या ‘डाय’ने कापतात, ती डाय मुलांना समजावून सांगण्याजोगी आहे. पोलादाची धारदार पाती हव्या त्या आकारात वाकवून लाकडी फळीत बसवितात, भोवती रबराचे तुकडे लावतात आणि यंत्राने कागदावर दाबतात. पाती कागद कापते, रबर त्यास बाहेर लोटते. त्यामुळे शेकडो तुकडे हुबेहूब सारखे निघतात. चर्मकाम करणाऱ्या कारागिराचा पोकळ पंच हीदेखील एक डायच होय. गावातील अशा कारागिरास सन्मानाने शाळेत बोलवावे. लाकडाच्या ओंडक्यावर कागदाचे चार पदर ठेवून त्याने एक घाव घातला, की चार गोल एकदम पडतात. मुलांच्या डोळ्यांपुढे यंत्राचे तत्त्व उभे राहते आणि कारागिराचे ज्ञानही शाळेत मान पावते.

वर्गात डायच्या जागी पुठ्ठ्याचा साचा व कातर पुरते. खिडकी कापावयाची जागा हलकेच चिमटीत दुमडावी, घडीवर अर्धे पान, अर्धे घर किंवा अर्धी चांदणी आखावी आणि कापावी. घडी उलगडली की कागदात पूर्ण आकाराची खिडकी दिसते, आणि हाती त्याच आकाराचा पूर्ण तुकडा उरतो. हा तुकडा कचऱ्यात जाऊ देऊ नये. सर्व रचनेचे रहस्य त्यातच आहे.

समजा, वर्गात २० मुले आहेत आणि त्यांपैकी ३ ऊसतोडीस गेली आहेत. तर ३ भेटपत्रे करावीत. प्रत्येकाच्या दर्शनी पानावर पाच उभी व चार आडवी अशी २० घरे आखावीत. १७ घरांत १७ मुलांनी आपापली खूण उठवावी; म्हणजे तीन पत्रांत मिळून ५१ ठसे. उरलेल्या तीन घरांपैकी ज्या मुलाला पत्र जावयाचे, त्याच्या घरात खिडकी कापावी. इतर दोन कोरी ठेवावीत. आतल्या पानावर त्या मुलाचे नाव अशा जागी लिहावे की, पत्र मिटले असता ते खिडकीतून दिसावे. कापून निघालेला तुकडा मात्र वर्गात, फळ्याशेजारी लावून ठेवावा. पत्र मुलाकडे जाते, तुकडा वर्गात राहतो. मूल परत येईल त्या दिवशी त्याने स्वतः तो तुकडा खिडकीत बसवावा. दुसऱ्या कोणाचा तुकडा तेथे बसणार नाही. कारण प्रत्येक खिडकीचा आकार निराळा आहे.

पाकिटात ट्यूबचा एक लहान कोरा तुकडाही घालावा व मुलास कळवावे की, तुझी खूण तू तिकडेच कर. रंग नसला तर चुलीतील कोळशाची पूड पाण्यात कालवली तरी पुरे. तो ठसा घेऊन मूल परतले, तर कोरे राहिलेले घर भरण्याचे साधन त्याच्याच हाती असते.

पत्रातील मजकुराविषयी दोन शब्द. ‘तू शाळा बुडवीत आहेस’ हे वाक्य त्यात कदापि नसावे. गाव सोडण्याचा निर्णय मुलाने केलेला नसतो. दयेची भाषाही नको. वर्गात काय घडले ते साध्या वाक्यांत लिहावे : शाळेमागच्या आंब्याला मोहोर आला, आता भागाकार सुरू झाले, कबड्डीत एक गडी कमी पडतो. ज्याला अजून वाचता येत नाही, त्याच्यासाठी ठसेच बोलतील. शिक्षकाने मजकूर सांगू नये व चुका दिसल्या तरी पत्र स्वतः नव्याने लिहून काढू नये. या पत्रांची स्पर्धा लावू नये, बक्षीस ठेवू नये.

पत्ता लिहिणे हा भाषेचा स्वतंत्र पाठ आहे. १९७२ च्या १५ ऑगस्टला सुरू झालेला सहा आकडी पिनकोड मुलांनी समजून घ्यावा. परंतु ऊसतोडीची टोळी एका जागी राहीलच असे नाही. म्हणून गावात मागे राहिलेले आजीआजोबा, किंवा तळावर ये-जा करणारा आप्त यांच्या हाती पत्र देणे अधिक भरवशाचे. भ्रमणध्वनीवरून त्याचे छायाचित्रही पाठविता येते. पण बोटांनी चाचपता येणारी खिडकी छायाचित्रात नसते.

भेटपत्राने स्थलांतर थांबत नाही, हे ध्यानी ठेवले पाहिजे. कोरडवाहू शेती, अपुरे पाणी आणि घेतलेली उचल यांचे उत्तर कातरीपाशी नाही. हंगामी वसतिगृहात मूल राहू शकत असेल, तर पालकांशी वेळेवर बोलणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य. ते जाणारच असेल, तर शिक्षण हमी कार्ड त्याच्याबरोबर देणे हे दुसरे. त्या कार्डामुळे दुसऱ्या शाळेचे दार त्याला उघडते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने मान्य केला असून तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. हक्क कायदा देतो. आपली कोणी वाट पाहत आहे, ही खात्री मात्र कायद्याला देता येत नाही. ती वर्गानेच दिली पाहिजे.

हंगाम संपेल, टायरगाड्या गावाकडे वळतील. एखादे मूल शाळेच्या दाराशी घुटमळत उभे राहील. तेव्हा फळ्याशेजारी त्याच्या आकाराचा तुकडा जागच्या जागी असला पाहिजे. एवढी काळजी प्रत्येक शिक्षकाने घ्यावी.