काँगोच्या रुंब्यातील गिटार

काँगो नदीच्या दोन तीरांवर, एकमेकींच्या अगदी दृष्टीच्या टप्प्यात, किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन काँगो देशांच्या राजधान्या वसलेल्या आहेत. एकीवर पूर्वी बेल्जियमचा अंमल होता, दुसरीवर फ्रान्सचा. परंतु ज्या रुंबा संगीताविषयी मी आज बोलणार आहे, त्याने ही सरहद्द कधी फारशी जुमानली नाही.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. काँगोच्या मुलखातून गुलाम करून नेलेल्या माणसांनी आपले ताल क्यूबाच्या भूमीत रुजवले, आणि १९३०च्या पुढच्या दशकात त्याच क्यूबाच्या ग्रामोफोन तबकड्या आफ्रिकेत विक्रीस येऊ लागल्या, तेव्हा लिओपोल्डव्हिलच्या, म्हणजे आजच्या किन्शासाच्या, रहिवाशांना त्यांत आपलेच काहीतरी ओळखीचे ऐकू आले. पुढे १९४८च्या सुमारास तेथील ग्रीक व्यापाऱ्यांनी ध्वनिमुद्रणशाळा काढल्या आणि गायक वेंडो कोलोसोय यांचे 'मारी-लुईझ' घरोघर पोहोचले.

त्या गाण्यात आंरी बोवान यांची गिटार आहे, आणि मला या संगीताचा छंद लागला तो अशा गिटारीमुळेच. ती समजण्यासाठी लिकेंबे हे वाद्य डोळ्यांपुढे आणावे लागते. लाकडाची लहानशी पोकळ पेटी, तिच्यावर कमीअधिक लांबीच्या लोखंडी पट्ट्या बसवलेल्या, पेटी दोन्ही तळहातांत धरायची आणि पट्ट्या अंगठ्यांनी छेडायच्या. एक अंगठा एक स्वरावली घोळवीत राहतो, दुसरा तिच्या फटींतून आपले स्वर पेरीत जातो. हमालांनी आणि मजुरांनी हे वाद्य दूरदूरच्या वाटांवर सोबत नेले. पुढे किन्शासातील मुलांच्या हाती गिटार आली, तरी एकमेकांत गुंतणाऱ्या छोट्या, आवर्ती स्वरावलींची ही रीत सुटली नाही. आई बाजारात तळलेले गोळे विकत असताना तिच्या दुकानाशी बसून गिटार वाजवणारा फ्रँको हा मुलगा पुढे १९५६ साली ओके जाझ या वाद्यवृंदाच्या संस्थापकांपैकी एक झाला, आणि तोही अंगठा व तर्जनी यांनीच तारा छेडीत असे. पुन्हा सांगतो, कारण माझ्या मते सारे मर्म येथेच आहे: तबकडी क्यूबाची, गिटार युरोपची, परंतु वाजवण्याची रीत लिकेंब्याची.

या रीतीचे पूर्ण वैभव 'सेबेन'मध्ये, म्हणजे गाण्याच्या वाद्यप्रधान उत्तरार्धात, प्रकट होते. आरंभी गायक संथपणे कथा सांगतात; मग शब्द मागे पडतात, दोनतीन गिटारी एकमेकींना उत्तरे देऊ लागतात, आणि नर्तक आसने सोडतात. विलंबितानंतर द्रुत यावे तसा हा क्रम आहे.

१९६० साली ब्रुसेल्समध्ये बेल्जियमच्या अमलाखालील काँगोच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असता गायक काबासेले यांच्या वाद्यवृंदाने 'अँदेपाँदाँस चा चा' हे रुंबा गाणे रचले आणि ते आफ्रिकाभर गाजले.

१९८०च्या दशकात पॅरिसमध्ये रुंब्याचा जो 'सूकूस' हा द्रुत प्रकार बहरला, त्यात पुष्कळदा आरंभीचे संथ गायन आखडले गेले आणि सेबेन जवळजवळ पहिल्या ठोक्यापासून सुरू झाला. त्यातील कौशल्य मी नाकारीत नाही. परंतु प्रतीक्षेवाचून आलेल्या सेबेनचा आनंद मला अपुरा वाटतो. २०२१ साली युनेस्कोने दोन्ही काँगोंचा रुंबा मानवतेच्या अमूर्त वारशात समाविष्ट केला, हे उचितच झाले. तरी माझी विनंती एवढीच, की फ्रँकोचे एखादे दीर्घ गाणे आपण आरंभापासून ऐकावे, आणि ते संथ गायन संपेपर्यंत सुई पुढे सरकवू नये.