‘हॅज’ कुठे लावायचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की थोड्याच वेळात धाम नदीच्या काठी पवनार लागतं. समजा, कुणी दारात येऊन विचारलं, ‘काका आहेत का?’ आणि आतून उत्तर आलं, ‘पवनारला गेले आहेत’, तर काका अजून तिकडेच आहेत. ‘पवनारला जाऊन आलेत’ असं उत्तर आलं, तर ते आत चहा पीत असतील. इंग्रजीत पहिलं ‘ही हॅज गॉन टू पवनार’ आणि दुसरं ‘ही हॅज बीन टू पवनार’. आपलं ‘जाऊन येणं’ इंग्रजी एका ‘बीन’वर भागवते.

आता मुलं ‘आय हॅव वेंट’ लिहितात, त्याबद्दल. आपण लगेच लाल रेघ मारतो. पण मुलाच्या डोक्यात शिरून पाहा. मराठीत ‘तो गेला’ आणि ‘तो गेला आहे’ या दोन्हींत ‘गेला’ तोच. मग ‘वेंट’ला ‘हॅव’ जोडलं तर त्याचं काय चुकलं? इंग्रजीत मात्र ‘हॅव’च्या पाठीमागे क्रियापदाचं तिसरं रूप लागतं: गॉन, सीन, रिटन, ईटन. ते पाठच करावं लागतं, त्याला इलाज नाही. एक सवलत मात्र मोठी आहे. आपल्याकडे लेख लिहिला आहे, चिठ्ठी लिहिली आहे, पत्र लिहिलं आहे. इंग्रजीत तिन्हींना एकच ‘रिटन’.

खरी अडचण रूपांची नाही, काळाची आहे. ‘मी काल अर्ज दिला आहे’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य. इंग्रजीत ‘यस्टर्डे’ आला की ‘हॅव’ने निघून जायचं, ‘आय गेव्ह’ एवढंच उरतं.

हे मला ठाऊक होतं, तरी मी एकदा फसलो. पवनारचा एक मुलगा शिष्यवृत्तीचा इंग्रजी अर्ज माझ्याकडून तपासून घ्यायला आला. त्यात वाक्य होतं, ‘माय फादर हॅज वर्क्ड ॲज अ टेलर फॉर ट्वेंटी इयर्स’. ‘हॅज’ बरोबर, ‘वर्क्ड’ बरोबर. मी खूश होऊन बरोबरची खूण केली. महिन्याभरानं उलट टपाली विचारणा आली: वडिलांची सही आणि उत्पन्नाचा दाखला कुठे आहे? वडील दोन वर्षांपूर्वीच वारले होते. मुलाच्या मनातलं मराठी वाक्य होतं, ‘वडिलांनी वीस वर्षं शिलाईकाम केलं आहे’. माणूस गेल्यावरही आपण असंच बोलतो. कागदपत्रं जमवून पुन्हा पाठवीपर्यंत मुदत संपली. चूक त्याची कमी, माझी जास्त.

पवनारमध्येच याचं उत्तम उदाहरण होतं आणि ते मला सुचलं नव्हतं. विनोबा 1938 मध्ये पवनारच्या परमधाम आश्रमात राहायला आले. 1982 च्या नोव्हेंबरात तिथेच त्यांचं निधन झालं. ‘विनोबांनी इथे वास्तव्य केलं आहे’ असं आपण आजही म्हणतो. इंग्रजीत ‘विनोबा हॅज लिव्ड हिअर’ म्हटलं, तर ऐकणारा समजेल की ते हयात आहेत. तिथे ‘लिव्ड’च हवं. उलट 1959 मध्ये त्यांनी स्थापन केलेलं ब्रह्मविद्या मंदिर चालू आहे, म्हणून त्याच्याविषयी ‘इट हॅज बीन हिअर सिन्स नाइन्टीन फिफ्टी-नाइन’ अगदी बिनधास्त म्हणावं. मराठीत आपण ‘1959 पासून आहे’ म्हणून मोकळे होतो. भूतकाळाचा स्पर्शसुद्धा नाही! त्यामुळे आपली मुलं ‘इट इज हिअर सिन्स’ लिहितात. इथे ‘हॅज’ राहून जातो, तिकडे नको तिथे येतो.

पुढच्या वर्षी तो मुलगा पुन्हा अर्ज घेऊन आला. या वेळी मी पेन उघडण्याआधीच त्याने वडिलांच्या वाक्यातला ‘हॅज’ खोडलेला होता.