महाविद्यालयाची तयारी आठवीपासून

(कुरुळी येथे शिक्षक, पंचायत सदस्य व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या कुरुळीच्या एका अंगाला चाकणची, तर दुसऱ्या अंगाला पिंपरी-चिंचवडची कारखानदारी उभी आहे. दहावी-बारावी झालेल्या मुलाला येथे कंत्राटी काम मिळून जाते. घरची निकड खरी असते. म्हणून त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु यंत्र चालविणारे हात आपले आणि यंत्राची आखणी करणारी माणसे बाहेरची, हे चित्र बदलावयाचे असेल, तर महाविद्यालयाची वाट या मुलांना खुली झाली पाहिजे.

या वाटेवर पैशाची अडचण आहेच. मात्र पुष्कळदा सवलत उपलब्ध असते, पण कागद वेळेवर नसतो, आणि तेवढ्यावरून वर्ष वाया जाते.

आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. पुढे मागासवर्गीयांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आर्थिक दुर्बलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. 2024-25 पासून इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे.

परंतु या प्रत्येक दारावर उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते यांपैकी काही ना काही मागितले जाते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरे, एवढ्यावरून अर्ज अडतो. जात पडताळणीस तर महिने लागू शकतात. निकालानंतर धावाधाव करून ती होत नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. शाळेने आठवीपासून प्रत्येक विद्यार्थ्याची कागदपत्रांची नोंद ठेवावी व नावातील चुका दहावीपूर्वीच दुरुस्त करून घ्याव्यात. पंचायतीने तलाठी व सेवा केंद्राच्या मदतीने वर्षातून एकदा गावातच दाखल्यांचे शिबिर भरवावे. आणि शिष्यवृत्तीची रक्कम हाती येईपर्यंत पुस्तके, बसभाडे व खाणावळ यांसाठी गावाने लहानसा उसनवार निधी उभारावा.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि कष्ट करून शिकण्याची वाट गरीब मुलांना दाखविली. त्यांच्या नावाची 'कमवा व शिका' योजना आजही पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत चालते. आपल्या मुलांची कष्टाला ना नाही. त्यांना वेळेवर सांगणारा माणूस हवा.

निकालाच्या दिवशी आपण पेढे वाटतो. त्या दिवशी मुलाच्या कागदांची फाईलही तयार असावी, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.