पावसाळी चराई आणि जंत

पाऊस लागला की गायरान हिरवंगार होतं आणि नेमक्या याच दिवसांत शेळ्यामेंढ्यांमध्ये जंतांचा जोर वाढतो. त्यातला सर्वांत घातक म्हणजे जठरात राहून रक्त पिणारा हिमाँकस. त्याची एक मादी दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी घालते. ती लेंड्यांतून कुरणात पडतात. ऊब आणि ओल मिळाली की आठवडाभरात त्यांतून रोगकारक अळ्या तयार होतात आणि गवताच्या ओल्या पात्यावर चढून बसतात. म्हणून दव असताना कळप सोडू नका, ऊन वर येऊ द्या. गवत अगदी बुडापर्यंत खाऊ देऊ नका, बहुतेक अळ्या खालच्या दोन-तीन इंचांतच असतात.

जनावराची खालची पापणी हळूच ओढून पाहा. आतला भाग लालगुलाबी हवा. पांढुरका दिसला, जबड्याखाली सूज आली, तर लगेच पशुवैद्यकांना दाखवा. हगवण नाही म्हणून जंत नाहीत, असं कृपा करून समजू नका. हिमाँकसमध्ये ती बहुधा लागतच नाही. जंतनाशक वजनाप्रमाणेच पाजा. अंदाजाने कमी पाजलं, तर चिवट जंत उरतात आणि पुढे त्यांच्यावर औषध चालत नाही. लेंड्या तपासून घेतल्या, तर कोणतं औषध द्यायचं हेही नेमकं ठरवता येतं.