खाडीकाठची उमेदवारी



सागरी जीवसृष्टीच्या संवर्धनाचे प्रत्यक्ष शिक्षण घ्यावयाचे तर एखाद्या दूरच्या प्रवाळबेटावरच गेले पाहिजे, अशी अनेक तरुणांची समजूत असते. निळ्या पाण्याचे हे आकर्षण स्वाभाविक आहे. मालवणच्या किनाऱ्यावर १९८७ साली घोषित झालेले सागरी अभयारण्य अशांची हौस पुरवील. परंतु नवी मुंबईच्या विद्यार्थ्याला त्याच विद्येची उमेदवारी घराजवळच्या चिखलात करता येते, याची जाणीव फार थोड्यांना आहे.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीच्या पूर्वेकडील गावे, भातशेती व मिठागरे यांच्या जागी नवे शहर उभे राहू लागले. त्या शहराची पश्चिम कड म्हणजे ठाण्याची खाडी. २०१५ साली तिच्या १,६९० हेक्टर क्षेत्रास रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून दर्जा मिळाला. त्यांपैकी ८९६ हेक्टर कांदळवन आहे, उरलेले जलक्षेत्र. २०२२ साली खाडीचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला. देशात प्रथमच केवळ कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष राज्याच्या वन विभागाने २०१२ साली स्थापन केला. त्याच कक्षाचे सागरी जैवविविधता केंद्र २०१७ पासून ऐरोली येथे आहे.

अशा ठिकाणी उमेदवारीस आलेल्या विद्यार्थ्याचा पहिला गुरू ग्रंथ नव्हे, भरती-ओहोटी होय. कोळी बांधव भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून सुमारे तीन वाजता पूर्ण भरती. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, हे या हिशेबामागील शास्त्र. विद्यापीठात सागरविज्ञान शिकलेल्यानेही हा हिशेब होडीवर बसून शिकण्यात कमीपणा मानू नये.

यानंतर झाडांची ओळख होते. ठाणे खाडीत प्राबल्य तिवराचे. त्याची पाने जिभेला खारट लागतात, कारण शोषलेले मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. चिखलात प्राणवायू नसल्याने त्याची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी वर उभी राहतात. २०२० साली राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळालेली पांढरी चिपीही विद्यार्थ्याने ओळखावयास हवी. मुळांच्या आधाराने राहणारी निवटी, चिंबोरी आणि कोळंबीची पिले यांवर मच्छीमारांचा उदरनिर्वाह अवलंबून आहे.

उमेदवारीतील नित्याचे काम मात्र रुक्ष असते. दोरीने आखलेल्या चौकोनातील झाडे मोजावयाची, छातीइतक्या उंचीवर खोडाचा घेर घ्यावयाचा, पाण्याची क्षारता नोंदवावयाची, गाळात अडकलेले प्लास्टिक वेचून तोलावयाचे. गुडघाभर चिखलात उभे राहून केलेल्या या नोंदीत एखादा आकडा अंदाजाने भरण्याचा मोह होतो, आणि नेमका तो आकडाच पुढे सर्व निष्कर्षांना बाधक ठरतो.

त्याचे महत्त्व रोहित पक्ष्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. हिवाळ्याच्या सुमारास हजारोंच्या संख्येने येणारे हे पक्षी सूक्ष्म शैवाल व जलकीटक खातात आणि ते उघड्या गाळपट्ट्यांवर टिपतात. त्या पट्ट्यांवर तिवर वाढले तर पक्ष्यांचे चरण्याचे क्षेत्र घटते. म्हणजे झाडे लावणे हे सर्वत्र पुण्यकर्मच असते असे नाही! लागवड कोठे करावी आणि गाळ कोठे मोकळा ठेवावा, हा निर्णय वर्षानुवर्षांच्या प्रामाणिक मोजणीशिवाय घेता येत नाही.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. कांदळवन नष्ट करण्यास कुऱ्हाडच लागते असे नाही. बांध घालून किंवा राडारोडा टाकून भरतीचे पाणी अडविले की झाडे उभ्या उभ्या वाळतात. एकाच जागेचे दर महिन्याचे छायाचित्र आणि पाण्याची नोंद ज्या विद्यार्थ्याने ठेवली, त्याच्याच हाती हा प्रकार वेळीच लागतो.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांच्या तोडीस व त्यांच्यावरील भरावास मनाई केली आणि २०१८ च्या अंतिम निकालाने हे संरक्षण दृढ केले. तक्रारींच्या निवारणासाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समितीही आहे. बेलापूरच्या कोकण भवनात पोहोचणाऱ्या तक्रारीला जागा, तारीख आणि पाण्याची पातळी यांचा आधार असला, तर अधिकाऱ्यास पाहणीसाठी नेमक्या कोणत्या बांधावर उभे राहावयाचे ते कळते. तो आधार उमेदवाराच्या चिखलाने माखलेल्या वहीतून मिळू शकतो.